अंगठ्याची दुरुस्ती

ओद्दवारनं आणलेल्या डब्यावर लिहिलं होतं: व्हॅनिला, दोन लिटर.
आत ओल्या शेवाळात एक हातमोजा,
डावा, माझ्या तळहाताच्या निम्मा.
लेश्याच्या वरचं बर्फ दरसाल मागे सरतं,
तिथं हा हरवलेली मेंढी हुडकायला गेलेला.
"लोकरच मिळाली म्हणा," म्हणाला, "फक्त उशिरा."

मी त्रोन्धाइमला तळघरात काम करते.
केसभर धागा कापला. हात थरथरला नाही,
सव्वीस वर्षांत सवय होते.
आम्लात, अल्कलीत, पुन्हा आम्लात,
शेवाळ, माती, ओद्दवारचं व्हॅनिला
सगळं धुऊन काढलं
आणि उरलेलं जाळलं.
हो. वय विचारायचं तर जाळावं लागतं.

लोकर वाढायची थांबते
त्या दिवशी हवेशी देणंघेणं मिटतं.
लाख कोटी कार्बनमागे एक जड अणू असतो,
तो जायला लागतो.
कसा जातो ते विद्यार्थ्यांना सांगताना
दर वर्षी माझी जीभ अडखळते:
तो म्हातारा होत नाही.
दीड हजार वर्षं थांबलेल्याला
आजची रात्र तेवढीच धोक्याची
जेवढी पहिली होती.
थकवा नाही, खोकला नाही,
आहे, आहे, आहे,
आणि मग नायट्रोजन.

एकट्याचं काही सांगता येत नाही.
कोट्यवधींचं मात्र वहीत मांडता येतं:
पाच हजार सातशे तीस वर्षांत निम्मे,
तेवढ्याच वर्षांत राहिलेल्यांतले निम्मे.
निमकी म्हणत जावं, म्हणत जावं
आणि पाटीवर शून्य काही उतरू नये.
दामदुपटीचा उलटा हिशोब,
फक्त सावकाराला कसलीच घाई नाही.

मोज्यात उरले होते शेकडा त्र्याऐंशी पूर्णांक एक्केचाळीस.
लॉगरिदम घेतला, गुणलं:
पंधराशे वर्षं, तीस इकडे तीस तिकडे.
कुठपासून मागे? आजपासून.
आणि आमच्यात आज म्हणजे एकोणीसशे पन्नास,
बाँबच्या चाचण्यांनी हवा बिघडवली त्याच्या आधीचं.
मी बासष्टची.
म्हणजे माझा जन्म उद्या कधीतरी झाला
आणि निवृत्तीही तिकडेच होईल.

एवढ्यावर भागलं असतं.
पण भिंगाखाली अंगठा आला.
मोजा राखाडी,
अंगठ्याचं टोक तपकिरी.
दुसरी मेंढी. बहुधा दुसरा हात.
टाके मोठाले, घाईचे,
एक चुकलेला, तसाच सोडून दिलेला.
आमचा ट्रुल्स मोज्यासकट अंगठा चोखायचा,
मार्चपर्यंत भोक.

तपकिरी धागाही कापला. धुतला. जाळला.
त्र्याऐंशी पूर्णांक बासष्ट.
चौदाशे एकोणऐंशी वर्षं,
तीस इकडे, तीस तिकडे.
झाडांच्या वलयांशी ताळा पाहिला,
दोन्ही डोंगर एकमेकांवर चढलेले.
अहवालातलं वाक्य ठरलेलं असतं:
फरक लक्षणीय नाही.

लक्षणीय नाही.
पहिला हिवाळा आणि भोक पडलं तो हिवाळा,
थोरल्याचा हात वाढला आणि मोजा धाकटीला आला,
की थोरल्याचा हात वाढलाच नाही,
विणणारी होती तोवर राखाडी,
नव्हती तेव्हापासून तपकिरी,
की एकाच संध्याकाळी तिची राखाडी लोकर संपली, बस्स.
हे सगळं त्या तिसात बसतं.
साठात म्हणा, दोन्ही बाजू धरल्या तर.
आख्खं आयुष्य बसतं, उसवून पुन्हा विणलेलं,
आणि वक्राच्या रेषेची जाडी तेवढीच राहते.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
अंगठा दुरुस्त केलेला आहे.
पर्यवेक्षकांनी विचारलं, याची गरज आहे का?
राहू दिलं.

शुक्रवारी ओद्दवारचा फोन.
"जुना निघाला?"
"निघाला."
"मेंढी सापडली," तो म्हणाला, "शेजाऱ्याच्या कुंपणात."
मग जरा थांबून,
"उजवा दिसला तर आणू?"
आण म्हटलं.
डबा कुठलाही चालेल.